गिळण्याचा त्रास असलेल्यांचे ताट: नागपुरातील एका वृद्धनिवासाच्या जेवणसेवेचे परीक्षण

मानेवाड्याच्या पुढे, बेसा रस्त्याच्या बाजूला असलेल्या एका खासगी वृद्धनिवासात माझी आई राहते. तिला पार्किन्सनचा आजार आहे आणि त्या आजारात पुढे बहुतेकांचे होते तसे तिचेही गिळणे मंदावले आहे. या निवासाच्या खोल्या, स्वच्छता आणि डॉक्टरांच्या भेटी यांविषयी मी येथे लिहिणार नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या रहिवाशांना तेथे जे अन्न आणि पाणी दिले जाते, ते कसे तयार होते, कसे तपासले जाते आणि कसे भरवले जाते, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. निवासाचे नाव देत नाही, कारण पुढे काही उणिवा लिहिल्या आहेत आणि त्या दूर करण्याचे काम व्यवस्थापनाने हाती घेतले आहे. शिवाय जो वाचक आपल्या माणसासाठी जागा शोधत असेल, त्याला एखाद्या नावापेक्षा तेथे जाऊन नेमके काय पाहावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे. माझे मत आधीच सांगते: दिवसाच्या जेवणाबाबत या निवासावर निर्धास्तपणे विसंबावे, पेयांबाबत स्वतः लक्ष ठेवावे आणि रात्रपाळीबाबत प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये.

गिळण्याचा त्रास म्हणजे जेवताना ठसका लागणे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ठसका लागतो तेव्हा शरीर श्वासनलिकेत शिरू पाहणारा कण बाहेर फेकत असते, म्हणजे त्याची राखण अजून शाबूत असते. अर्धांगवायू, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या अनेकांच्या घशातील संवेदनाच बोथट होते. अन्नाचा किंवा पाण्याचा अंश फुप्फुसाकडे उतरतो आणि माणूस खोकतही नाही. काही दिवसांनी ताप येतो, छातीत कफ भरतो आणि न्यूमोनियाचे निदान होते, तेव्हा त्याचा संबंध वरणाच्या वाटीशी जोडण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. विदर्भात यात आणखी एका गटाची भर पडते. खर्रा (सुपारी-तंबाखूचे घोटलेले मिश्रण) आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया व रेडिएशन झालेली माणसे येथे पुष्कळ आहेत. त्यांचे तोंड पुरते उघडत नाही, लाळ आटलेली असते आणि कोरडा घास तोंडातच फिरत राहतो. या निवासात अशा तिन्ही-चारही प्रकारांचे रहिवासी आहेत आणि प्रत्येकाची गरज वेगळी आहे, हे तेथील स्वयंपाकघराने समजून घेतले आहे, ही माझ्या दृष्टीने पहिली जमेची बाजू.

प्रवेश देतानाच निवासाने आईचा गिळण्याचा तपासणी-अहवाल मागितला. नाकातून बारीक एन्डोस्कोप घालून घसा पाहण्याची किंवा बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेच्या पडद्यावर पाहण्याची तपासणी झाली असेल तर तिचे निष्कर्ष, आणि झाली नसेल तर निदान स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलण्याच्या आणि गिळण्याच्या त्रासावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, खाटेजवळ बसून केलेली पाहणी, यांपैकी काहीतरी असल्याशिवाय आहार ठरवायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. मी पाहिलेल्या इतर ठिकाणी ‘आजींना पातळ देऊ’ एवढ्यावर हा प्रश्न मिटवला जात होता. गिळण्याचा त्रास असलेल्या बहुतेकांना सर्वांत मोठा धोका पातळ पदार्थाचाच असतो, कारण पाणी वेगाने घसरते आणि घशाचे दार मिटण्याआधीच तेथे पोहोचते. म्हणून आपुलकीने म्हटलेले हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते.

निवासात अन्नाची विभागणी आयडीडीएसआय (इंटरनॅशनल डिस्फेजिया डाएट स्टँडर्डायझेशन इनिशिएटिव्ह), म्हणजे गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या आहाराची दाटी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय चौकटीनुसार होते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाने जगभर वापरता येईल अशी शून्य ते सात अशा आठ पातळ्यांची मांडणी केली. पेये शून्यापासून चारपर्यंत आणि अन्न तीनपासून सातपर्यंत मोजले जाते, त्यामुळे तीन आणि चार या पातळ्या दोन्हींना लागू पडतात. पातळी ४ म्हणजे गुठळी नसलेले, चावावे न लागणारे घोटीव अन्न. पातळी ५ म्हणजे बारीक केलेले ओलसर अन्न, ज्यातील कण मोठ्या माणसासाठी ४ मिलिमीटरपेक्षा रुंद नसावेत. पातळी ६ म्हणजे मऊ आणि दीड सेंटिमीटरच्या आतले तुकडे. प्रत्येक पातळीला रंग ठरलेला आहे आणि निवासाने तोच रंग ताटावरच्या चिठ्ठीला दिला आहे: चारला हिरवा, पाचला नारिंगी, सहाला निळा. आईच्या ताटावर नारिंगी चिठ्ठी असते आणि पेल्यावर गुलाबी, म्हणजे पातळी २चे, थोडे दाट केलेले पेय. वाढणाऱ्या मावशींना अहवाल वाचता आला नाही तरी रंग चुकत नाही, आणि नवीन आलेल्या मावशींनाही तो अर्ध्या दिवसात पाठ होतो.

चिठ्ठ्या कोणीही लावू शकतो. ताटातले अन्न चिठ्ठीप्रमाणे आहे की नाही, हे कोण पाहते, हा खरा प्रश्न. येथे स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल यांच्यामधल्या ओट्यावर एक काटा, एक चमचा आणि १० मिलीलिटरची सिरिंज कायम ठेवलेली असते. घोटीव अन्न काट्यावर उचलले की ते काट्यावर ढिगासारखे राहिले पाहिजे. दातांमधून थोडे खाली लोंबले तरी चालते, पण धार लागता कामा नये. तेच चमच्यात घेऊन चमचा कलता केला की ते अखंड गोळ्याने सुटून पडले पाहिजे आणि चमच्याला जवळजवळ काही चिकटून राहता कामा नये. चिकटून राहिले, तर ते घशालाही तसेच चिकटेल. बारीक केलेल्या अन्नासाठी काट्याच्या दोन दातांमधली फट हेच माप आहे, कारण ती साधारण ४ मिलिमीटरची असते. मऊ तुकडा काट्याने दाबताना अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतका जोर द्यायचा, आणि जोर काढल्यावर तुकडा पूर्ववत फुगला नाही तरच तो ताटात जातो. या तपासण्यांना ना यंत्र लागते ना पैसा. तरीही ताट निघण्याच्या क्षणी त्या करणारे स्वयंपाकघर मी नागपुरात याआधी पाहिले नव्हते.

‘ताट निघण्याच्या क्षणी’ यावर मी मुद्दाम भर देते, कारण आपले अन्न स्थिर राहत नाही. मुगाची खिचडी कुकरमधून काढल्यावर सैल आणि मऊ असते. अर्ध्या तासाने तीच घट्ट होऊन टाळूला चिकटू लागते. तुरीचे वरण ठेवले की डाळ खाली बसते आणि वर पाणी सुटते, म्हणजे एकाच वाटीत दोन पातळ्या तयार होतात. पिठल्यावर साय धरते आणि ती साय घशात पडद्यासारखी अडकते. दह्याला पाणी सुटते. म्हणून सकाळी अकराला तपासलेले अन्न साडेबाराला पुन्हा तपासावे लागते, आणि येथील मुख्य आचारी बाई ते न चुकता करतात. खिचडी घट्ट झाली असेल तर त्या गरम वरणाच्या निवळीने किंवा दुधाने ती सैल करतात, पाण्याने नाही. पाणी घालून सैल केलेल्या अन्नात पोट भरते पण पोषण विरळ होते, आणि असे अन्न महिनोन्महिने खाणारी माणसे डोळ्यांदेखत वाळत जातात. येथे हिरव्या आणि नारिंगी चिठ्ठीच्या रहिवाशांचे वजन दर महिन्याला घेऊन लिहून ठेवतात. ती वही मागितली की दाखवतात.

आता चवीविषयी, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. घोटीव आहार म्हटला की बहुतेक संस्थांत भात, वरण, भाजी आणि पोळी एकत्र मिक्सरमध्ये फिरवून एक करडा-पिवळा लगदा वाटीत दिला जातो. तो कदाचित सुरक्षित असेलही, पण आयुष्यभर वऱ्हाडी जेवण जेवलेल्या माणसाने त्याकडे पाहून तोंड फिरवले, तर दोष त्या माणसाचा नाही. या निवासात प्रत्येक पदार्थ वेगळा घोटला जातो आणि ताटात वेगळा मांडला जातो. भरवणाऱ्या मावशी प्रत्येक घासाआधी पदार्थाचे नाव सांगतात: ‘आजी, हे वांग्याचं भरीत आहे’, ‘आता वरणभात देते’. डोळ्यांना जे ओळखू येत नाही ते कानांना तरी ओळखू यावे, आणि कोणती चव येणार हे आधी कळले की गिळण्याची तयारीही होते.

पातळी ५च्या ताटातला भात हा सर्वांत अवघड पदार्थ आहे, असे माझे मत झाले आहे. मोकळा भात चालत नाही, कारण सुटी शिते घशात विखुरतात. फार गिजगोळा झालेला भातही चालत नाही, कारण तो चिकट होतो. शिते मऊ शिजून दबली पाहिजेत आणि दाट, एकजीव वरणाने ती बांधली गेली पाहिजेत, असे की कडेने वरणाचे पाणी वेगळे सुटणार नाही. हे प्रमाण येथे जमले आहे. वरणात हिंग, हळद आणि वरून तूप असते. फोडणी मात्र वेगळी करून तेल गाळून घेतात. मोहरी, जिरे, कढीपत्त्याचे पान, लसणाची जळकी कुडी हे सगळे निरोगी माणसाला जाणवतही नाही, पण दुबळ्या घशात कढीपत्त्याचे एक पान किती वेळ चिकटून राहू शकते, हे या त्रासाच्या माणसाजवळ बसलेल्यालाच माहीत असते. गाळलेल्या तेलात फोडणीचा वास आणि स्वाद पूर्ण उतरलेला असतो आणि काटाकचरा गाळणीत राहतो. एवढ्या साध्या युक्तीने आईच्या ताटाला घरच्या जेवणाचा वास येतो.

पालकाचे गरगट, दुधी, लाल भोपळा, भाजलेल्या वांग्याचे बिया काढलेले भरीत, बेसन लावून दाट केलेली कढी हे पदार्थ आळीपाळीने असतात. मेथी आणि अंबाडी यांसारख्या धाग्याच्या पालेभाज्या शिजवून पुरणयंत्रातून काढल्या जातात. पुरणयंत्राचा हा उपयोग मला फार आवडला: मिक्सर धागा कापतो पण सोडवत नाही, यंत्राच्या जाळीवर मात्र धागा, साल आणि बी मागे राहते आणि खाली मऊ गर उतरतो. पोळ्याच्या सणाला पुरणपोळी सगळ्यांना हवी असते. त्या दिवशी हिरव्या आणि नारिंगी चिठ्ठीवाल्यांना पोळीशिवायचे पुरण, दूध आणि तूप घालून चमच्यावरून सुटेल इतके मऊ करून, वेलची-जायफळासह दिले गेले. आईने वाटी संपवली. उपवासाच्या दिवशी साबुदाणा येथे या रहिवाशांना दिला जात नाही, कारण तो शिजल्यावर चिकट आणि लवचिक होतो आणि चावता न येणाऱ्याच्या घशात गोळा होऊन बसतो; त्याऐवजी भगर मऊ शिजवून घोटतात आणि दाण्याची आमटी दाणे बारीक वाटून, गाळून करतात. उन्हाळ्यात आंब्याचा रस धागे गाळून देतात. त्याची दाटी आंब्यागणिक बदलते, म्हणून तोही सिरिंजने मोजल्याशिवाय पेल्यात पडत नाही. संत्र्याची फोड मात्र चोखायलासुद्धा देत नाहीत, कारण साल आणि रस तोंडात वेगवेगळे होतात. नागपूरकराला हे जड जाते, पण गाळून दाट केलेला संत्र्याचा रस त्यांना मिळतो.

पोळी आणि भाकरी या रंगांच्या ताटात नसतात. त्याबद्दल काही नातेवाईक नाराज असतात आणि भेटीला आले की दुधात पोळी चुरून भरवू पाहतात. चुरलेल्या पोळीच्या कडा भिजत नाहीत आणि भोवती पातळ दूध मोकळे राहते. घन आणि द्रव एकाच घासात आले की दुबळा घसा दोन्ही सांभाळू शकत नाही. निवासाची सिस्टर हे नातेवाइकांना शांतपणे समजावून सांगते. मला वाटते, याविषयी एक छापील पान भेटीच्या खोलीत लावले तर तिचे काम हलके होईल.

भरवण्याची पद्धत चांगली आहे. रहिवाशाला ताठ बसवतात, पाठीमागे उशी आणि पाय टेकलेले. खाटेवर अर्धवट आडवे ठेवून कोणालाही भरवताना मी पाहिले नाही. मावशी समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसतात, उभ्या राहत नाहीत, कारण उभ्या माणसाकडे पाहताना जेवणाऱ्याची मान वर जाते आणि श्वासनलिकेचा मार्ग उघडा पडतो. चहाचा लहान चमचा वापरतात आणि कंठ वर-खाली हललेला दिसल्याशिवाय पुढचा घास देत नाहीत. टीव्ही बंद असतो. घास तोंडात असताना आई बोलू लागली, तर मावशी हळूच म्हणतात, ‘आधी गिळा जी, मग सांगा’. जेवणानंतर गालाच्या आत अन्न साठले आहे का ते पाहतात, तोंड स्वच्छ करतात आणि अर्धा तास ताठ बसवून ठेवतात. तोंडाच्या स्वच्छतेकडे दिलेले हे लक्ष मला पदार्थांच्या दाटीइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण फुप्फुसात जाणारी लाळ जंतूंनी भरलेली असेल तर अन्न कितीही मोजलेले असले तरी न्यूमोनिया व्हायचा तो होतो.

औषधांबाबतही त्यांनी विचार केला आहे. पार्किन्सनचे औषध अंगात उतरलेले असते त्या वेळी आईचे हात आणि घसा दोन्ही बरे चालतात, म्हणून तिचे जेवण गोळीनंतर ठरावीक अंतराने ठेवले आहे. प्रथिनयुक्त जेवणाबरोबरच गोळी दिली तर तिचे शोषण कमी होऊ शकते, हेही त्यात सांभाळले जाते. गोळी दाट सफरचंदाच्या गरातून देतात. सगळ्याच गोळ्या कुटत नाहीत. हळूहळू विरघळणाऱ्या किंवा विशेष आवरणाच्या गोळ्या कुटल्यास औषध एकदम अंगात जाते किंवा वाया जाते, त्यामुळे त्याबद्दल डॉक्टरांकडून लेखी घेतले जाते.

आता पेये, जिथे माझे समाधान अर्धेच आहे. पाणी, चहा, ताक दाट करण्यासाठी निवास झँथन गम या डिंकासारख्या पदार्थावर आधारलेली थिकनर (दाट करणारी) पावडर वापरतो. स्टार्चची पावडर स्वस्त असते, पण तोंडातील लाळ स्टार्चला विरघळवते आणि पेल्यात दाट असलेले पाणी तोंडात पातळ होते. झँथन गम लाळेने बिघडत नाही आणि पाणीही त्यात बरेच स्वच्छ दिसते. आणखी एक गोष्ट सिस्टरला माहीत होती, याचे मला कौतुक वाटले: बद्धकोष्ठासाठी दिले जाणारे पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे चूर्ण स्टार्चने दाट केलेल्या पेयात मिसळले, तर ते पेय पुन्हा पाण्यासारखे पातळ होते. पार्किन्सनमध्ये बद्धकोष्ठ नेहमीचे असल्यामुळे ही माहिती केवळ पुस्तकी नाही. पावडरचा डबा कुलपात असतो, आणि तो तसाच असावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने कोरडी पावडर तोंडात टाकली तर ती घशात फुगून श्वास कोंडू शकतो.

दाटी मोजण्याची कृती वाचकांनी घरीही करून पाहावी. १० मिलीलिटरच्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून ती १० पर्यंत भरायची, बोट काढायचे आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचे. आत १ मिलीलिटरपेक्षा कमी उरले तर ते साधे पाणी. १ ते ४ उरले तर पातळी १. ४ ते ८ उरले तर पातळी २. ८ पेक्षा जास्त उरले पण थोडे तरी वाहिले तर पातळी ३. काहीच वाहिले नाही तर पातळी ४. सिरिंज घेताना शून्यापासून दहाच्या रेषेपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर आहे का ते मोजून घ्यावे, कारण सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात आणि निष्कर्ष बदलतो. दुधाला आणि दुधाच्या चहाला दाट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घाईत आणखी पावडर टाकली की थोड्या वेळाने त्याची खळ होते.

दिवसा हे सर्व नीट होते. संध्याकाळी सातनंतर मात्र पाळी बदलते, स्वयंपाकघर बंद होते आणि रात्रीचे पाणी मावशी अंदाजाने दाट करतात. एका रात्री आईच्या उशाजवळच्या पेल्यातील पाणी मी सिरिंजने मोजले, तेव्हा १० सेकंदांनी उरलेले पाणी ४ मिलीलिटरपेक्षा बरेच कमी भरले. पेल्यावर चिठ्ठी गुलाबी होती आणि पेल्यात पातळी २ नव्हती. त्या मावशींना मी दोष देत नाही. पावडरसोबतचा मापाचा चमचा दिवसपाळीच्या कपाटात बंद होता आणि त्यांच्या हाती स्टीलचा साधा चमचा होता. दोष व्यवस्थेचा आहे. घसा रात्री अधिक थकलेला असतो, माणूस झोपेत असतो आणि जवळ हात कमी असतात. ज्या पाळीत धोका सर्वांत जास्त, त्याच पाळीत मोजमाप सर्वांत सैल, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

दुसरी उणीव पाण्याच्या प्रमाणाची. दाट पाणी कोणालाच आवडत नाही. ते तहान भागवल्यासारखे वाटत नाही आणि म्हणून माणूस कमी पितो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे कमी पिणे मूत्रमार्गाच्या संसर्गापर्यंत आणि गोंधळलेल्या मनःस्थितीपर्यंत पोहोचते. निवासात अन्नाची नोंद आहे, वजनाची आहे, पण दिवसभरात किती पेले पोटात गेले याची नोंद नाही. पन्हे, दाट ताक, ज्वारीची गाळलेली आंबील असे चवीचे पर्याय स्वयंपाकघर करू शकते आणि कधी कधी करतेही. ते रोज, ठरलेल्या वेळी आणि लिहून व्हायला हवे. पेये दाट केल्याने तपासणीत श्वासनलिकेत जाणारे प्रमाण कमी झालेले दिसते, पण त्यामुळे न्यूमोनिया कमी होतो याचा पुरावा भक्कम नाही, ही वस्तुस्थिती डॉक्टरही सांगतात. म्हणूनच एकदा लिहिलेली गुलाबी चिठ्ठी कायमची राहू नये. तोंड स्वच्छ करून, देखरेखीखाली, जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी साध्या पाण्याचे घोट देता येतील का, हे स्पीच थेरपिस्टने काही महिन्यांनी पुन्हा ठरवावे, आणि ही फेरतपासणी नातेवाइकांनी आठवण करून दिल्यावरच न होता निवासाच्या दिनदर्शिकेत असावी.

पेल्यांबाबत मात्र निवासाने चांगला बदल केला आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना भांडे ओठाला न लावता वरून पाणी पिण्याची सवय असते. त्यात मान मागे जाते आणि पाण्याची धार थेट घशात पडते. गिळण्याचा त्रास असलेल्याने असे पिणे अत्यंत धोक्याचे आहे. येथे प्रत्येकाचा स्वतःचा, नाव लिहिलेला, रुंद तोंडाचा पेला आहे, त्यामुळे उष्टे-खरकटे हा आक्षेप उरत नाही आणि मान खाली ठेवून पिता येते.

तिसरी उणीव बाहेरून येणाऱ्या अन्नाची. वाढदिवस, पुण्यतिथी किंवा एखादे व्रत पूर्ण झाल्यावर वृद्धनिवासात येऊन खाऊ वाटण्याची आपल्या शहरात चांगली प्रथा आहे. दिलेले अन्न आधी स्वयंपाकघरात जाईल, असा येथील नियम आहे. पण सुटीच्या दिवशी गर्दी झाली की तो पाळला जात नाही. अशाच एका दुपारी एका कुटुंबातील मुलाने मोठ्या प्रेमाने सर्वांच्या हातात बुंदीचा लाडू आणि चिवड्याचे पाकीट दिले आणि हिरव्या चिठ्ठीच्या एका आजोबांनी लाडू तोंडाजवळ नेलेला होता. सिस्टरने तो वेळेवर घेतला. त्या आजोबांना रिकाम्या हाताने बसवून ठेवणे हाही उपाय नव्हे. त्यांच्यासाठी श्रीखंड किंवा दुधात पूर्ण भिजवून घोटलेले बिस्किट तयार असायला हवे होते, म्हणजे देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दोघांचाही मान राहिला असता. तीर्थप्रसादाच्या वेळीही हेच: हातावरचे पळीभर तीर्थ हे पातळच असते, आणि ओठाला बोट लावून ते घेण्याची सूचना पुजाऱ्यांना आधी देता येते.

खर्चाविषयी एकच तक्रार आहे. थिकनर पावडरचे बिल निवासी शुल्काव्यतिरिक्त, प्रत्यक्ष वापराप्रमाणे लावले जाते. ज्या रहिवाशाचे नातेवाईक दूर आहेत किंवा हात आखडून आहेत, त्याच्या पेल्यात पावडर कमी पडण्याचा मोह व्यवस्थेला होऊ नये, म्हणून ती शुल्कातच धरली जावी असे मी सुचवले आहे.

मुख्य आचारी बाई रजेवर गेल्या तेव्हा बदली आचाऱ्याने नारिंगी चिठ्ठीच्या ताटात कोरडा, रवाळ उपमा पाठवला होता. तो ओट्यावरच्या काट्याच्या तपासणीत अडकला आणि परत गेला. मला यात निवासाचे बळही दिसते आणि दुबळी जागाही: तपासणी माणसावर न राहता ओट्यावर राहिली म्हणून चूक पकडली गेली, पण घोटीव स्वयंपाक येणारी व्यक्ती अजून एकच आहे.

ज्यांच्या माणसाला पातळी ४, ५ किंवा ६ चे अन्न लागते आणि ज्यांना दिवसातून एकदा तरी भेट देणे शक्य आहे, त्यांनी हे निवास अवश्य पाहावे, आणि पाहायला जाताना दुपारच्या जेवणाच्या वेळेबरोबरच रात्री नऊची वेळही निवडावी. ज्यांना पातळी ३ किंवा ४ चे पेय लागते, रात्री वारंवार पाणी मागण्याची सवय आहे आणि जवळचे कोणी नागपुरात नाही, त्यांच्यासाठी सध्याची रात्रपाळी पुरेशी आहे असे मी म्हणणार नाही. व्यवस्थापनाशी माझे बोलणे झाले आहे. मापाचा दुसरा चमचा आणि दुसरी सिरिंज रात्रपाळीच्या टेबलावर आलेली मी पाहिली. पेयांच्या नोंदीची वही आणि दुसऱ्या आचाऱ्याचे प्रशिक्षण पुढच्या महिन्यापासून सुरू करू, असे त्यांनी लेखी कळवले आहे.